छोट्या खोलीत मिक्स करताय? मग स्पीकर बंद करा

खर्जवाला

वाद होणार हे माहीत असूनच लिहितोय.

माझी खोली ३.१ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद. टेबल आखूड भिंतीकडे, खुर्ची साधारण खोलीच्या मधोमध. चार वर्षं इथेच मिक्स करतोय, म्हणजे गाण्याचे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून एकत्र आणतोय, आणि चारही वर्षं एकच रडगाणं: इथे गोड वाटलेलं गाणं बाहेर गेलं की बिघडतं. परवा कळस झाला. एका गाण्यात बेस गिटारचा ए सूर, म्हणजे मोकळ्या तारेचा, मला पोकळ वाटत होता. ५५ हर्ट्झला ईक्यूने, म्हणजे हवे ते सूर कमीजास्त करायच्या साधनाने, ५ डेसिबल चढवले, तेव्हा कुठे जरा भरल्यासारखा वाटला. गाणं मित्राला पाठवलं. त्याने गाडीत लावलं आणि फोन करून एवढंच म्हणाला, "दरवाजा थरथरतोय रे, पण दर चौथ्या ठोक्यालाच का?"

ए सूर दर चौथ्या ठोक्याला होता.

त्याच रात्री ते गाणं हेडफोनवर पहिल्यापासून मिक्स केलं. दोन तास लागले. गाडीत, फोनवर, टीव्हीवर, कुठेही लावा, सारखंच वाजतंय.

तर माझं मत असं: एवढ्याशा खोलीत स्पीकरवर मिक्स करणं म्हणजे खोट्या तराजूवर सोनं तोलणं. आवाज शोषणारे पॅनल लावा, त्यात उरलीसुरली जागा घालवा, आणि एवढं करून खालच्या सुरांचा घोळ तसाच. शिवाय माझ्या ओळखीतले निम्मेअधिक लोक गाणी इअरफोनवरच ऐकतात. बिली आयलिशचा पहिला अल्बम झोपायच्या खोलीत झाला आणि २०२० मध्ये ग्रॅमी घेऊन गेला. बोला आता.

मंद्र

बोलतो. तराजू खोटा नाही, तुम्ही बसलाय चुकीच्या जागी.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. त्याला खोलीच्या लांबीच्या दुपटीने, म्हणजे ६.२ ने भागा. उत्तर ५५.३ हर्ट्झ. बेसचा मोकळा ए सूर बरोबर ५५. म्हणजे त्या सुराची अर्धी लाट तुमच्या दोन भिंतींमध्ये चपखल बसते. अशा लाटेचा दाब भिंतींजवळ सगळ्यात जास्त आणि मधोमध जवळपास शून्य. तुमची खुर्ची कुठे? मधोमध.

आता गंमत बघा. त्याच सुरात मिसळलेला दुप्पट कंपनांचा, ११० हर्ट्झचा वरचा अंश मधोमध उलट जोरात ऐकू येतो. म्हणून सूर गायब झालाय असं तुम्हाला वाटलं नाही, पोकळ वाटला. गायब झाला असता तर शंका तरी आली असती. पोकळ वाटला म्हणून तुम्ही ईक्यू उचललं. ५ डेसिबल म्हणजे तिप्पट शक्ती, राव. मित्राच्या दरवाजाचा काय दोष?

खात्री करायची असेल तर ५५ हर्ट्झचा साधा साइन टोन, म्हणजे वरचे अंश नसलेला शुद्ध सूर, लावा आणि खुर्चीतून उठून मागच्या भिंतीपर्यंत चालत जा. आवाज बेताचा ठेवा, स्पीकर छोटे असतील तर जास्तच जपून. दोन पावलांत फरक कळेल.

खर्जवाला

लावला टोन. मान्य. खुर्चीत जवळपास काहीच नाही आणि मागच्या भिंतीला कान लावला तर पोटात गुरगुरल्यासारखं होतं.

पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं ना? दोन पावलांवर आवाज बदलणार असेल तर त्या आवाजावर भरवसा कसा ठेवायचा? हेडफोनला खोली नाही, भिंत नाही, पावलं नाहीत.

फेडरवाला

हेडफोनला खोली नाही, हाच तर त्याचा दोष.

स्पीकरवर डावीकडचा आवाज उजव्या कानालाही थोडा पोचतो, किंचित उशिरा आणि किंचित मंद. आपलं डोकं त्यावरूनच जागा ओळखतं. हेडफोनमध्ये डावीकडचं डावीकडेच राहतं. दोन गिटार दोन टोकांना टाकल्या की हेडफोनवर एवढं भव्य वाटतं की आपण समाधानाने पुढे जातो. स्पीकरवर त्याच गिटार नेहमीच्या वाटतात. आणि मधला आवाज, म्हणजे गायकाचा, हेडफोनवर समोर नसतो, कपाळाच्या आत असतो. तिथे बसून त्याची पातळी ठरवणं फार फसवं. माझा अनुभव असा की हेडफोनवर केलेल्या माझ्या प्रत्येक मिक्समध्ये गायक एक-दीड डेसिबल मागे पडलेला असतो.

रिव्हर्बचंही, म्हणजे आवाजामागे घुमणाऱ्या शेपटीचंही, तेच. हेडफोनवर शेपटीचा शेवटचा धागाही ऐकू येतो, म्हणून आपण हात आखडता घेतो. मग स्पीकरवर गाणं कोरडं ठणठणीत.

आणि त्या ग्रॅमीबद्दल. रेकॉर्डिंग झोपायच्या खोलीत झालं हे खरं. पण मिक्स रॉब किनेल्स्कीने केलाय, मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, जॉन ग्रीनहॅमने. दोघेही त्याच कामातले मुरलेले लोक. हे उदाहरण खोलीत गाणं करण्याचं आहे, खोलीत मिक्स करण्याचं नाही. प्रत्येक चर्चेत ते काढलं जातं आणि प्रत्येक वेळी अर्धंच सांगितलं जातं.

खर्जवाला

ग्रॅमीचं मागे घेतो. बाकी नाही.

गायक मागे पडतो हे तुम्हाला कळलंय ना? मग दीड डेसिबल पुढे घ्या. ज्या चुकीचं माप माहीत आहे ती चूक परवडते. खोलीची चूक सुरागणिक वेगळी. ती पाठ कशी करणार?

फोमग्रस्त

दोघांच्या भांडणात माझा जखमी अनुभव घालतो. मी खोली "सुधारली" होती.

पाच सेंटीमीटर जाडीचा कोनदार फोम, तीन भिंतींवर. बघायला एकदम स्टुडिओ. टाळी वाजवली की आवाज जागच्या जागी मरायचा, पाहुण्यांना टाळ्या वाजवून दाखवायचो. आणि त्यानंतरचे सहा महिन्यांचे मिक्स सगळे कर्कश. कारण समजायला फार वेळ लागला. असा पातळ फोम वरचे सूर पितो आणि खालचे तसेच सोडतो. खोलीत बेस घुमतोय, वरची चमक मेलेली, म्हणून मी प्रत्येक गाण्यात झांजा आणि गायकाचा श्वास वर चढवत गेलो. बाहेर ऐकणाऱ्याचे कान सोलून निघाले.

५५ हर्ट्झच्या लाटेची लांबी सव्वासहा मीटर. तिच्यापुढे पाच सेंटीमीटर फोम म्हणजे नदीला टॉवेलने बांध.

अर्धा फोम काढला. चार पॅनल केले, १० सेंटीमीटर जाड रॉकवूल, चौकटीत बसवून कापडाने शिवलेलं, मागे भिंतीपासून तेवढीच पोकळी. दोन दोन्ही बाजूंना, तिथे, जिथे भिंतीवर आरसा धरला तर खुर्चीतून स्पीकर दिसतो. उरलेले दोन मागच्या कोपऱ्यांत तिरके. ५५ हर्ट्झ त्याने बरा होत नाही, थापा मारणार नाही. पण शंभर हर्ट्झच्या वर किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि बेस एकमेकांपासून सुटे ऐकू यायला लागले. पहिल्या दिवशी वाटलं प्लगइन बदललंय.

बिनखिळ्याचा

भिंतीला खिळा मारायची परवानगी नसलेल्यांनी काय करायचं? आणि ते करेक्शनचं सॉफ्टवेअर असतं, माइकने मोजून ईक्यू लावणारं, त्याने नाही का भागत?

मंद्र

पॅनलना पाय करा, जमिनीवर उभे राहतात. खिळा लागत नाही.

सॉफ्टवेअर उंचवटे कापायला चांगलं. खड्डे भरायला नाही. खड्डा का पडतो? स्पीकरमधून निघालेली लाट आणि भिंतीवरून परतलेली लाट एकमेकींना खातात. तुम्ही दुप्पट ओतलं की परतणारीही दुप्पट होते. खड्डा तिथेच, फक्त अँप आणि स्पीकर दमतात.

मोजायला मात्र आरईडब्ल्यू हे खोलीचा आवाज मोजणारं सॉफ्टवेअर जरूर वापरा. फुकट आहे, एक मोजणीचा माइक लागतो. तोही नसेल तर कीबोर्डवर साइनचा आवाज घेऊन खालच्या ईपासून अर्ध्या अर्ध्या सुराने वर चढत जा, एकाच जोराने. कुठला सूर बुडतो, कुठला अंगावर येतो, ते कागदावर लिहा आणि स्क्रीनशेजारी चिकटवा. खर्जवाले म्हणतात ना पाठ कशी करणार? अशी.

दुसरा कान

खोली की हेडफोन, यात तुम्ही सगळे किती मोठ्या आवाजात ऐकताय ते कुणीच सांगितलं नाही.

कान सगळे सूर सारख्या मापाने ऐकत नाही. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच याचे आलेख मांडलेत. मंद आवाजात खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात, मोठ्या आवाजात ते फुलतात. म्हणून आवाज वाढवला की कुठलाही मिक्स छान वाटतो. रात्री दोन वाजता जोरात ऐकून "झालं!" म्हणणं आणि सकाळी डोक्याला हात लावणं, हा खेळ सगळ्यांनी खेळलाय.

मी तीन चतुर्थांश काम अशा आवाजात करतो की शेजारी बसलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल. दोन फायदे: कान थकत नाहीत आणि भिंतींवर आदळून परतणारा बेस तेवढा अंगावर येत नाही. अगदी हळू करून ऐका. गायक आणि स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) उरले तर मिक्स उभा आहे. डग्गा किंवा किक आधी नाहीशी झाली तर लगेच बेस वाढवू नका, त्या पातळीवर ती हळू ऐकू येणारच. तिच्या वरच्या अंशाकडे बघा.

तुलनेला दुसऱ्याचं गाणं लावत असाल तर ते मास्टर झालेलं असतं, तुमच्यापेक्षा सहा-आठ डेसिबल मोठं. ते खाली आणा, मग तुलना करा. नाहीतर आपण आपल्या मिक्सला उगाच रागावतो.

जुना फेडर

एवढं मोजमाप कशाला? यामाहाचे एनएस-१० स्पीकर बघा. १९७८ मध्ये घरात गाणी ऐकायला म्हणून आले, घरगुती गिऱ्हाइकाने नाकं मुरडली, आणि नंतर त्याच खोक्यांवर अर्ध्या जगाने मिक्स केले. बेस जवळपास नाहीच त्यांत. ज्याला स्पीकर समजला त्याला खोली आडवी येत नाही.

फेडरवाला

ते खोके मिक्सरच्या टेबलावर होते आणि टेबल ज्या कंट्रोल रूममध्ये होतं ती आधीच नीट बांधलेली होती. शिवाय समोरच्या भिंतीत मोठे मॉनिटर, म्हणजे स्टुडिओचे स्पीकर, होतेच, बेस तिथे तपासायचे. एनएस-१० बंद पेटीचा स्पीकर, त्याचा बेस थोडा पण पटकन थांबणारा. म्हणून तो आवडला. "वाईट स्पीकरवर चालेल तर कुठेही चालेल" ही नंतरची दंतकथा.

जुना फेडर

दंतकथेवर माझी वीस वर्षं गेली, तेवढी असू द्या.

खर्जवाला

शनिवार अख्खा घालवला, ऐका.

टेबल पुढे सरकवलं, कान पुढच्या भिंतीपासून १.१८ मीटरवर आणले. लांबीच्या ३८ टक्क्यांवर बसा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, करून बघितलं. स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, सुतळीने मोजून. एकही गोष्ट विकत आणली नाही. मग मंद्रांनी सांगितलं तसं खालच्या ईपासून एकेक सूर.

ए आला! पूर्ण नाही, पण आला. इतक्या वर्षांत या खोलीत मी तो पहिल्यांदा ऐकला म्हणायचं. जुना मिक्स लावला आणि लाज वाटली, तो ५ डेसिबलचा डोंगर आता मलाही ऐकू आला.

पण वर जाता जाता डी बुडाला. ७३ हर्ट्झच्या आसपास. पुढे-मागे सरकून काही फरक नाही. हे काय नवीन?

मंद्र

नवीन नाही, रुंदी आहे. ३४३ भागिले ४.७, ७३ हर्ट्झ. तुम्ही रुंदीच्या बरोबर मध्ये बसलाय.

खर्जवाला

मग बाजूला सरकू?

मंद्र

सरकून बघा.

खर्जवाला

चाळीस सेंटीमीटर डावीकडे सरकलो. डी आला. गायिका मात्र उठून डाव्या स्पीकरमध्ये जाऊन बसली.

फेडरवाला

मध्येच बसा. डी पुरते हेडफोन घाला.

खर्जवाला

हे तुम्ही म्हणताय?

फेडरवाला

फक्त डी पुरते.