वेगळा इतिहास कशाला?
कुणीतरी म्हटलंय की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांना आफ्रिकेचा इतिहास शिकवणं म्हणजे निव्वळ अस्मितेचं राजकारण. पण हा आग्रह आजकालचा नाही हो. कार्टर वुडसन या कृष्णवर्णीय अमेरिकन इतिहासकाराने १९२६ सालीच कृष्णवर्णीयांचा इतिहास सप्ताह सुरू केला. अमेरिकेत फेब्रुवारीत पाळला जाणारा कृष्णवर्णीय इतिहास महिना त्यातूनच आला. गृहस्थ हार्वर्डचे पीएचडी, आईवडील मात्र गुलामीतून सुटलेले. तेव्हाच्या पाठ्यपुस्तकांत त्यांचा समाज यायचा तो बहुधा गुलाम म्हणूनच. पुढे २००५ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराने सरकारी हायस्कुलांत कृष्णवर्णीयांचा इतिहास हा विषय सक्तीचा केला. प्राचीन इजिप्त सगळा कृष्णवर्णीयांचाच होता असले काही अतिरंजित दावे मलाही पटत नाहीत, ते जरूर खोडा. पण पश्चिम आफ्रिकेतल्या टिंबक्टू शहराची जुनी हस्तलिखितं खरी आहेत, आणि इथिओपियातून गुलाम म्हणून आलेला, निजामशाही सांभाळणारा आपला मलिक अंबरही.