ग्रामसभेत ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्या मधल्या मताला जागा कशी करून द्यावी?

मूळ प्रश्न

नमस्कार. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यातले, जेमतेम दोन हजार वस्तीचे. गायरानाचा मोठा भाग मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील, म्हणजे कृषिपंपांना दिवसा सौर वीज देणाऱ्या योजनेतील, प्रकल्पासाठी द्यावा काय, हा विषय मागच्या ग्रामसभेपुढे आला आणि अर्ध्या तासात सभेत दोन तट पडले. ज्यांच्या विहिरींवर कृषिपंप आहेत, ते रात्रीच्या विजेला विटले आहेत. पिकाला पाणी धरण्यासाठी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन रानात जाण्यात काय जोखीम असते, हे ज्याने ते केले आहे त्यालाच ठाऊक. दुसऱ्या बाजूला, ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन नाही आणि ज्यांची शेळ्या-मेंढरे त्याच गायरानावर जगतात, त्यांना दिवसाच्या विजेचा काहीच उपयोग नाही.

माझ्या वडिलांची दीड एकर बागायत आहे आणि दारात आठ शेळ्याही आहेत. प्रकल्प खडकाळ बाजूला घ्यावा आणि ओढ्याकडे जाणारी जनावरांची वाट मोकळी ठेवावी, असे काही होऊ शकेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्यांची दोन वाक्ये होतात न होतात तोच मागून कोणीतरी ओरडले, “तात्या, तुम्ही इकडचे की तिकडचे ते आधी सांगा.” वडील खाली बसले, आणि त्यानंतर तशा प्रकारचा प्रश्न कोणीच विचारला नाही. विषय तहकूब झाला असून महिनाभरात पुन्हा सभा आहे. घरोघरी बोललो तेव्हा निम्म्याहून अधिक माणसे वडिलांसारखीच अधलीमधली निघाली, पण सभेत ती दिसतच नाहीत. यावर काय करता येईल?

उत्तर 1 (निवृत्त ग्रामसेवक)

आपल्या वडिलांना खाली बसावे लागले, याचा दोष ओरडणाऱ्याइतकाच विषयाच्या मांडणीलाही आहे, असे मला सेवेतील अनुभवावरून वाटते. सभेच्या नोटिशीत “गायरान जमीन देण्यास मंजुरी देणे” असा विषय लिहिला की त्यावर हात वर करणे किंवा न करणे एवढेच उरते. त्याऐवजी किती क्षेत्र, कोणत्या बाजूचे, किती वर्षांसाठी, चराईची आणि पाणवठ्याची वाट कोठून, असे प्रश्न सुटे करून विषयपत्रिकेवर घ्या. प्रकल्प होणाऱ्या ग्रामपंचायतीला या योजनेत दरवर्षी 5 लाख याप्रमाणे तीन वर्षे अनुदान मिळते. ते चाऱ्यासाठी, जनावरांच्या पाण्यासाठी वापरता येईल का, हाही एक स्वतंत्र प्रश्न होऊ शकतो. प्रश्न सुटे झाले की तट आपोआप ढिले पडतात, कारण क्षेत्राबाबत एका बाजूला असलेला माणूस वाटेबाबत दुसऱ्या बाजूला असतो.

आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी असते. परंतु गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या सभेकडे पाठ फिरवायची आणि दुसरीत मोजक्या माणसांनी ठराव करून घ्यायचा, हे मी अनेकदा पाहिले आहे. त्यामुळे माणसे पहिल्याच सभेला आणा. इतिवृत्तात नुसते “चर्चेअंती मंजूर” असे न लिहिता कोणी कोणती अट सुचवली तेही लिहून घ्या आणि सभा संपण्यापूर्वी ते मोठ्याने वाचून दाखवण्याचा आग्रह धरा.

उत्तर 2

मी काही वर्षे गडचिरोलीत धानोरा तालुक्यात काम केले आहे. तिथले मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव बहुतेकांनी ऐकलेले असते ते “दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार” या घोषणेमुळे, किंवा वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये मिळालेल्या सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्कामुळे. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला त्याहून मोलाचा वाटतो तो तिथला अभ्यास गट. या गटात एखाद्या विषयावर माणसे बसतात, कागद वाचतात, बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात, पण निर्णय मात्र तिथे घेत नाहीत. तो ग्रामसभेतच होतो, आणि तोही बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने. निर्णय घ्यायचाच नसल्यामुळे तिथे बोलणाऱ्याला आधी बाजू निवडावी लागत नाही. “मला अजून कळलेले नाही” असेही तिथे निर्धास्तपणे म्हणता येते.

आपल्याकडे महिना आहे. पारावर, देवळात, शाळेच्या ओट्यावर, जिथे सोयीचे असेल तिथे दोन-तीन संध्याकाळी असे बसा. एखाद्या संध्याकाळी गायरानाचा नकाशा मांडून सगळ्यांनी मिळून प्रत्यक्ष शिवारात चालून या. वडिलांनी सुचवलेली खडकाळ बाजू खरोखर उपयोगाची आहे का, हे तिथे उभे राहूनच समजेल.

उत्तर 3 (माजी ग्रामपंचायत सदस्या)

वरच्या दोन्ही उत्तरांचा आदर राखून एक शंका मांडते. सहमतीचे मला भय वाटते. डॉ. आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत खेड्याला संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर म्हटले, ते आजही अनेकांना झोंबते. पण “सर्वानुमते मंजूर” असे लिहिलेल्या कितीतरी ठरावांत आमच्या वस्तीचे मत कोणी विचारलेलेही नव्हते, हे मी स्वतः सदस्य असताना पाहिले आहे. ज्याच्या शेतावर मजुरीला जायचे त्याच्याच समोर त्याच्या विरुद्ध कोण बोलणार? पारावरची बैठक ही तर आम्हा बायकांसाठी सभेहूनही अवघड जागा आहे.

म्हणून अभ्यास गट जरूर करा, पण तो एकाच ठिकाणी बसवू नका. एक संध्याकाळ मेंढपाळांच्या वस्तीवर बसा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तिच्याकडे केवळ सह्यांचा कागद म्हणून न पाहता याच विषयावर ती खरोखर भरवा. शेळ्या राखणाऱ्या बहुतेक बायका आहेत, त्यांना गायरानातली प्रत्येक वाट माहीत असते. आणि शेवटी सहमती झाली नाही तर मतदान घ्या, त्यात कमीपणा मानू नका. हरलेल्यांचे म्हणणे इतिवृत्तात त्यांच्याच शब्दांत राहिले पाहिजे, एवढे मात्र पाहा.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. तिसऱ्या उत्तराने मला थांबून विचार करावा लागला, कारण “घरोघरी बोललो” असे मी लिहिले खरे, पण त्यांत मेंढपाळांच्या वस्तीवरची दोनच घरे होती आणि दोन्ही ठिकाणी माझ्याशी पुरुषच बोलले. विषय सुटे करून मागण्याचा अर्ज उद्या ग्रामपंचायतीत देत आहे. पहिली बैठक रविवारी वस्तीवर घेण्याचे ठरले असून वडील येणार आहेत. नकाशा तलाठ्यांकडून मागून घेतो. महिला सभेबद्दल माझी आई शेजारणींशी बोलते आहे. रविवारी काय झाले ते इथे कळवीन.