मदत हवी आहे: एपीएसमध्ये (अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम, ज्यात रक्ताच्या गाठी होतात) १७ पैकी १६ स्कोअर, कितपत घाबरायचं?

नमस्कार मंडळी, कर्वेनगरहून लिहितोय. बायको ३४ वर्षांची, जूनमध्ये डाव्या पायाची पोटरी सुजली, आधी वाटलं मुरगळली असेल म्हणून दोन दिवस शेकत बसलो (हो, माहितीये, चूक झाली), मग डॉपलर सोनोग्राफीत रक्ताची गाठ निघाली. हेपरिन (रक्त पातळ करणारं इंजेक्शन) सुरू करण्याआधी रक्त घेतलं होतं, त्यात या आजाराच्या अँटिबॉडीजच्या टेस्ट, म्हणजे ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट, अँटिकार्डिओलिपिन आणि बीटा टू ग्लायकोप्रोटीन तिन्ही पॉझिटिव्ह. एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) वाढलेला बघून सासूबाई म्हणाल्या रक्त तर पातळच आहे मग गाठ कशी, मलाही तोच प्रश्न. डॉक्टर म्हणाले टेस्ट ट्यूबमध्ये गोठायला वेळ लागतो, शरीरात मात्र उलटं होतं. अँटिकोअ‍ॅग्युलंट म्हणजे रक्त गोठू न देणारा, नाव ठेवणाऱ्याने घोळच घातलाय.

१२ आठवड्यांनी परत टेस्ट केल्या, पुन्हा तिन्ही पॉझिटिव्ह. पण तेव्हा वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) चालू होतं. रात्री जागून अ‍ॅडजस्टेड गॅप्स नावाचा, गाठींचा धोका मोजणारा स्कोअर मांडला: तिन्ही टेस्टचे ५ अधिक ४ अधिक ४, कोलेस्टेरॉलचे ३, बीपी नाही म्हणून तो १ वाचला. १७ पैकी १६. दहावीला असते तर पेढे वाटले असते. आता हे किती टक्के धोका ते कळत नाहीये. शिवाय मेव्हणा म्हणतोय वॉरफरिन सोडा, रिव्हारोक्सॅबान (रक्त पातळ करणारी दुसरी गोळी) घ्या, आयएनआरसाठी (वॉरफरिनवर रक्त किती पातळ आहे ते मोजणारी टेस्ट) सारखं लॅबला पळायला नको. पालेभाजीने वॉरफरिनचा परिणाम कमी होतो म्हणून हिने मेथी आणि अळूचं फदफदं तर भीतीने बंदच केलंय.

प्रतिसाद
दादा, आधी श्वास घ्या. मलाही एपीएस आहे. स्कोअर म्हणजे टक्केवारी नाही, कोणाला जास्त जपायचं याचा अंदाज. तिन्ही पॉझिटिव्ह आणि एकदा गाठ होऊन गेलेली म्हणजे धोका जास्तच, ते स्कोअर न मांडताही डॉक्टरांना माहीत असतं. तुमच्या हातातले गुण ते कोलेस्टेरॉलचे ३, तिथे जोर लावा. सिगारेट आणि इस्ट्रोजेनवाल्या गोळ्या नकोच.

वॉरफरिनवर ल्युपसची टेस्ट फसवी येऊ शकते, बाकी दोन्हींना तो त्रास नाही. रिपोर्ट दाखवताना हे सांगा, पण टेस्टसाठी म्हणून गोळी स्वतः बंद करू नका. आणि मेव्हण्यांना सांगा, २०१८ च्या ट्रॅप्स अभ्यासात तिन्ही पॉझिटिव्हवाल्यांना रिव्हारोक्सॅबान दिलं तर स्ट्रोक वॉरफरिनपेक्षा जास्त झाले, अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आयएनआर बहुतेकांना २ ते ३ ठेवतात, वहिनींचं टार्गेट डॉक्टरांनाच विचारा. पालेभाजी सोडू नका, दर आठवड्याला साधारण तेवढीच खा.

धागाकर्ता
ताई, खूप आभार. मेव्हण्याला लगेच फॉरवर्ड केलंय. ही विचारतेय, फदफदं रविवारचं चालेल ना?

प्रतिसाद
चालेल की, पण मग दर रविवारी.