प्रतिसाद: हॅशटॅग, काळे चौकोन आणि मतदान

हॅशटॅग म्हणजे घरबसल्या देखावा, आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय मतदानालाच जात नाहीत, असं म्हटलं जातं. दोन्ही पटत नाही.

मे २०२० मध्ये मिनिआपोलिसला जॉर्ज फ्लॉइड हे कृष्णवर्णीय गृहस्थ पोलिसाने मानेवर गुडघा दाबून धरल्याने मरण पावले, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात मानेवरच्या गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. डार्नेला फ्रेझियर या १७ वर्षांच्या मुलीने फोनवर केलेलं चित्रण फेसबुकवर आलं आणि निवेदन उघडं पडलं. त्या पोलिसावरच्या खटल्यातही ते महत्त्वाचा पुरावा ठरलं.

फसलं ते २ जूनला. पाठिंबा म्हणून सोशल मीडियावर काळा चौकोन टाकताना अनेकांनी 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' या कृष्णवर्णीयांवरच्या अन्यायाविरोधातल्या चळवळीचाच हॅशटॅग जोडला. तो उघडला की नुसते काळे चौकोन. मोर्चाची ठिकाणं, अटक झालेल्या आंदोलकांसाठीच्या जामीन निधीचे दुवे सगळं खाली गाडलं गेलं. पाठिंब्याच्या पोस्टला माहितीचा हॅशटॅग लावूच नये.

मतदानाचं म्हणाल तर २०१२ ला कृष्णवर्णीयांची टक्केवारी (सुमारे ६६) गोऱ्यांपेक्षा जास्त होती. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मतदान हक्क कायद्यातली पूर्वपरवानगीची अट (काही राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची मंजुरी घ्यायची) निष्प्रभ केली आणि टेक्सासने त्याच दिवशी ओळखपत्राचा कडक नियम अमलात आणत असल्याचं जाहीर केलं. हे अडथळे सोडून नुसती उदासीनता मोजणं अन्यायाचं आहे. शिवाय टेक्सासात नोंदणीची मुदत मतदानाच्या ३० दिवस आधी संपते. शेवटच्या आठवड्यात फिरवलेल्या 'मत द्या' पोस्टचा नोंदणी नसलेल्याला काडीचा उपयोग नाही.