'एंड-टायडल'ला मराठीत काय म्हणावं?

हृदय बंद पडलेल्या रुग्णाला श्वासनळीत नळी घातल्यावर कॅप्नोग्राफी (उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा आलेख) कशी वाचायची, याचं परिचारिकांसाठीचं टिपण मराठीत करतेय. आधीच्या मसुद्यात 'एंड-टायडल'साठी 'अंतिम श्वासातील कार्बन डायऑक्साइड' असं आहे. फार खटकतंय. दुसरं काही सुचवाल का?

—

खटकणारच. 'अंतिम श्वास' म्हटलं की मराठी माणसाला मृत्यूच आठवतो. 'उच्छ्वासाच्या शेवटचा कार्बन डायऑक्साइड' असं फोडून लिहा, लांबलं तरी चालेल. 'निःश्वास' मात्र नको, तो आपण सुटकेचा किंवा दुःखाचा टाकतो. कॅप्नोग्राफीतलं 'कॅप्नोस' ग्रीक, म्हणजे धूर. त्यावरून 'धूम्रलेखन' पाडता येईल, पण खाटेशी उभ्या असलेल्या सिस्टरला त्याचा काय उपयोग? कॅप्नोग्राफीच राहू द्या.

—

मी भूलतज्ज्ञ. आमच्यात 'ईटीसीओटू (म्हणजे एंड-टायडल कार्बन डायऑक्साइड) किती?' आणि 'ग्राफ येतोय का?' एवढंच बोललं जातं. मला काळजी 'सपाट रेषा' या शब्दांची आहे. ईसीजीमुळे ते ऐकताच सगळ्यांना वाटतं, हृदय थांबलंय, मग रेषा सपाटच असणार. इथेच घात होतो! छाती नीट दाबली जात असेल तर थोडं रक्त फुप्फुसांतून फिरतं आणि लहरी येतात, बुटक्या का होईना. लहर अजिबात नसेल तर नळी अन्ननलिकेत आहे असंच धरायचं, तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत. स्टेथोस्कोपने आवाज ऐकू आला यावर विसंबू नका, तो फसवतो. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांनी यासाठीच 'नो ट्रेस, राँग प्लेस' हे यमक रुजवलं.

आणि 'लहर आली' एवढंही पुरत नाही. मास्कने हवा देताना पोटात गेलेला वायू पहिल्या काही श्वासांना छोट्या लहरी दाखवतो, मग त्या विरत जातात. म्हणून 'टिकून राहणारी लहर' लिहा. निदान 7 श्वास तरी ती टिकली पाहिजे.

ईटीसीओटूचा आकडा 10 मिलिमीटर पाऱ्याच्या खाली राहिला तर आधी छाती दाबण्याकडे बघा: खोली, वेग, दाबणारा दमलाय का. एकदम 35-40 वर उसळला तर हृदय पुन्हा सुरू झालं असण्याची शक्यता मोठी.

—

आभार, डॉक्टर. मसुद्यात 'हृदय थांबल्याने आलेख सपाट दिसू शकतो' असं वाक्य होतं, ते काढलं. आता ठळक अक्षरांत: 'सीपीआर चालू असतानाही लहर दिसलीच पाहिजे. लहर नाही, तर नळी जागेवर नाही.'