घरच्या गॅरेजसाठी पहिलं वेल्डिंग मशीन: रॉडचं की वायरचं?

वाशिष्ठीकाठ: चिपळूणला घरालगत पत्र्याची शेड आहे, गाडी तिथेच असते. सुट्टीच्या दिवशी कुंड्यांचा स्टँड, माळ्याची शिडी असलं काही करायचंय. माल बहुतेक एक इंची चौकोनी पाईप, १.६ मिमी जाडीचा. सिंगल फेज, १६ अँपिअरचा सॉकेट. होल्डर आजवर हातात धरलेला नाही. दुकानदार बिनगॅसचं मिग (म्हणजे वायरवालं मशीन) सुचवतोय, शेजारचे काका म्हणतात रॉडचंच घे. काय घेऊ?

खपलीतोड: काकांचं ऐका. २०० अँपिअरचं इन्व्हर्टर आर्क (म्हणजे रॉडचं मशीन) घ्या. ६०१३ रॉड कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. २.५ मिमीचा घ्या, ७०-८० अँपिअरवर सुरुवात करा. पहिले काही दिवस रॉड चिकटेल, तेव्हा झटका देऊन सोडवायचा. उरलेल्या पैशात आपोआप काळं होणारं हेल्मेट घ्या, त्यात काटकसर नको.

तारेवरचा: मला नाही पटत. १.६ च्या पाईपवर नवशिक्याने रॉड लावला की भोक पडतंच. माझ्या पहिल्या स्टँडचे चारही कोपरे जळाले, भोकं बुजवण्यात अख्खा रविवार गेला. वायरवाल्यात खटका दाबला की टाका, सोडला की बंद, आणि दुसऱ्या हाताने पाईप धरता येतो. फक्त बिनगॅसची फ्लक्स वायर (पोटात फ्लक्सची भुकटी भरलेली तार) लावताना टॉर्च, म्हणजे जिच्यातून वायर बाहेर येते ती हातातली मूठ, निगेटिव्हला जोडा. गॅसच्या जोडणीवर, म्हणजे टॉर्च पॉझिटिव्हला ठेवून, तशीच चालवली तर नुसते शिंतोडे उडतात.

खपलीतोड: भोक पडतं ते अँपिअर जास्त आणि हात एकाच जागी थांबला म्हणून. लांब शिवण ओढूच नका. एक टाका या कोपऱ्यात, पुढचा समोरच्या, मधे गार होऊ द्या. फ्लक्स वायरलाही खपली (टाक्यावर जमणारा कडक थर) आणि धूर असतोच. शिवाय कोकणातल्या पावसाळ्यात अर्धं रीळ मशीनमध्ये राहिलं की गंजतं. ओलसर ६०१३ रॉड निदान सुकवून वापरता येतो.

फेज-न्यूट्रल: सॉकेटकडे कोणीच बघत नाहीये. मशीनवरचे २०० अँपिअर बाहेर पडणारे असतात. १६ च्या सॉकेटवर २.५ चा रॉड निभावतो. ३.१५ चा लावून १२० वर नेलंत तर एमसीबी पडेल. दोन्हीपैकी काहीही घ्या, पण आधी शेडचं अर्थिंग तपासून घ्या. आणि पाईप जीआयचा (जस्त चढवलेला) असेल तर सांध्याजवळचा जस्ताचा थर घासून काढा. मी एकदा तसाच बंद शेडमध्ये जोडला, जस्ताच्या धुराने रात्रभर थंडी वाजून ताप.

वाशिष्ठीकाठ: पाईप जीआयचाच आहे, बरं झालं सांगितलंत. उद्या वायरमनला बोलावतो. रविवारी काकांचं मशीन मागून उरलेल्या तुकड्यांवर टाके मारून बघतो, मग ठरवतो.

तारेवरचा: तुकडे काटकोनात जोडून बघा. सपाट पट्टीवर रॉड कोणालाही जमतो, खरी अडचण कोपऱ्यात येते.