पोकरमध्ये मदत हवी आहे: बटणावर 20 बिग ब्लाइंड, मागे एक लहान आणि एक मोठा स्टॅक

नमस्कार मंडळी. टिळकवाडीत आमची रविवारची होल्डम टूर्नामेंट असते. बेळगाव-खानापूरचे खेळाडू, पैसे अजिबात नाहीत, पहिल्या तिघांना गुण.

अडचण सहा जण उरल्यावरची. मी बटणावर (डीलरच्या जागी) 20 बिग ब्लाइंड घेऊन, माझ्यामागे स्मॉल ब्लाइंडकडे 9, बिग ब्लाइंडकडे 45 (बिग ब्लाइंड आणि स्मॉल ब्लाइंड म्हणजे मोठी आणि छोटी सक्तीची बोली, आणि ती भरणारे खेळाडू; स्टॅक म्हणजे हातातल्या चिप्स, सगळे आकडे मोठ्या बोलीच्या पटीत). अँटी (पत्ते वाटण्याआधीची सक्तीची भर) एक, बिग ब्लाइंडच भरतो. सगळे फोल्ड करून डाव माझ्यापर्यंत येतो.

2.2 ला रेझ केलं आणि 9 वाल्याने ऑल-इन केलं, तर 6.8 घालून पॉट 20 चा होतो, म्हणजे 34 टक्के इक्विटी (पॉट जिंकण्याची सरासरी शक्यता) पुरते. तिथं कॉल सोपा. पण 45 वाल्याने ऑल-इन केलं, तर आणखी 17.8 घालावे लागतात आणि जवळपास 43 टक्के लागतात. खरा घोळ इथंच आहे, कारण तो वरचेवर ऑल-इन करतो.

10 च्या खाली थेट ऑल-इन, 40 च्या वर नेहमीचा रेझ, एवढं बसलंय. मोफत तक्तेही पाहिले, पण त्यांत सगळ्यांचे स्टॅक सारखेच धरलेले असतात.

तर दोघांपैकी कुणाचा स्टॅक धरून रेंज (कोणकोणते पत्ते खेळायचे ते) ठरवायची? आणि 22 ते 55 च्या जोड्या, के-9 ऑफसूट (राजा-9, वेगळ्या रंगांचे), क्यू-10 सूटेड (राणी-10, एकाच रंगाचे) यांतलं काय रेझ, काय थेट ऑल-इन आणि काय फोल्ड?